पोहायच्या टँकला पहिल्यांदा जाताय? कपडे बदलण्याआधी एवढं बघा

मे महिन्यातला रविवार. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला एक फार्महाऊस दिवसभरासाठी घेतलं होतं, आम्ही चौदा जण. जेवणं झाली, मुलांना पाण्याबाहेर काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि कलिंगड कापायला घेतलं. माझ्या बहिणीचा मुलगा सहा वर्षांचा. त्याची हिरव्या बेडकाची ट्यूब पाण्यातच राहिली होती. ती आणायला तो कुणाला न सांगता पुन्हा उतरला.

भाऊजी काठावर पाय सोडून फोनवर बोलत होते. त्यांच्यापासून पोरगा सात-आठ फुटांवर. माझं लक्ष गेलं तेव्हा तो पाण्यात सरळ उभा दिसला. मान मागे टाकलेली, केस डोळ्यांवर चिकटलेले, तोंड पाण्याच्या रेषेवर उघडतंय-मिटतंय, दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबतोय. न दिसणारी शिडी चढावी तसा. ओरडणं नाही, हात हलवणं नाही, पाण्याचा साधा आवाज नाही. बहीण कौतुकाने म्हणाली, "बघ गं, उभं राहायला शिकला." तिचं वाक्य संपायच्या आत निफाडचे मामा शर्ट-पँट-मोबाईलसकट पाण्यात होते.

पोरगा खोकला, रडला, तासाभराने कलिंगडही खाल्लं. मोबाईल गेला. संध्याकाळी मामा म्हणाले, "बुडणारा बोंब मारत नाही गं. बोंब मारतोय म्हणजे त्याच्यात अजून दम आहे." मामा विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेले, त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. आम्ही सगळे टीव्ही बघून शिकलेलो. आमच्या डोक्यातला बुडणारा माणूस "वाचवा वाचवा" करत हात हलवतो. खऱ्या बुडणाऱ्याला श्वास आत घ्यायलाच फुरसत नसते, हाक कुठून मारणार? लहान मूल अशा अवस्थेत २० ते ६० सेकंद पाण्याच्या वर टिकतं, मग खाली जातं. कलिंगडाच्या दोन फोडी कापायला तेवढाच वेळ लागतो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मी महिलांच्या बॅचला नाव घातलं. पुढचं सगळं तिथे शिकले, थोडं मामांकडून, थोडं स्वतःच्या नाकातोंडात पाणी जाऊन. नाशिकमध्ये टँकला तोटा नाही. महापालिकेचे तलाव आहेत (त्र्यंबक रोडचा स्वातंत्र्यवीर सावरकर तलाव बहुतेकांना माहीत असतो), शाळांचे आहेत, क्लबचे आहेत, आणि आता मोठ्या सोसायट्यांत आणि फार्महाऊसवरही आहेत. कुठेही जा, क्रम हाच ठेवा.

पहिला दिवस: न भिजता

नाव घालण्याआधी एकदा नुसते जाऊन या. चालू बॅचच्या वेळी जा, रिकामा टँक बघून काही कळत नाही.

काठावर, खोल बाजूला उभे राहा आणि तळाची जाळी शोधा. फिल्टरकडे पाणी ओढून नेणारी ती चौकोनी किंवा गोल जाळी. तिची भोकं वेगळी दिसली पाहिजेत. नुसताच काळा डाग दिसत असेल किंवा काहीच दिसत नसेल, तर परत फिरा. गढूळ पाण्याने अंगाला खाज सुटेल ही भीती दुय्यम आहे. तळाला गेलेला माणूस काठावरून दिसणार नाही ही पहिली. नीळसर हिरव्या पाण्यात निळा कॉस्च्युम घातलेलं मूल दिसत नाही, हे एकदा घरच्या बादलीतसुद्धा करून बघा. मुलांना केशरी, गुलाबी किंवा पोपटी रंगाचे कपडे घ्या. निळा, पांढरा, राखाडी दुकानातच ठेवा.

मग जीवरक्षक कोण आहे ते विचारा. शिकवणारे सर वेगळे, जीवरक्षक वेगळा. सर पाण्यात एका मुलाच्या पोटाखाली हात धरून उभे असतात, तेव्हा त्यांच्या पाठीमागे काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. काठावर कोरडा बसून फक्त पाण्याकडे बघणारा माणूस हवा. तो मोबाईलमध्ये असेल तर तो नाही असंच समजा. मी ज्या पहिल्या ठिकाणी चौकशीला गेले तिथला जीवरक्षक काउंटरवर पावत्या फाडत होता. "बघतो ना मॅडम, इथनं दिसतं सगळं," म्हणाला. तिथनं दिसत होतं ते पार्किंग. मी दुसरीकडे नाव घातलं.

भिंतीवर रिंग टांगलेली आहे का, तिला दोरी आहे का, लांब बांबू आहे का, हेही बघून घ्या. दोरी नसलेली रिंग शोभेची.

वास आणि रंग. नाकाला झोंबणारा वास म्हणजे क्लोरीन भरपूर, पाणी स्वच्छ, असं आपण धरून चालतो. गंमत अशी की तो वास बहुतांशी क्लोरीनचा नसतोच. घाम, लघवी, अंगावरचं तेल यांच्याशी क्लोरीनची प्रक्रिया होऊन जे तयार होतं त्याचा असतो. डोळे चुरचुरतात तेही त्याच्यामुळेच. म्हणून उतरण्याआधीची आंघोळ ही काही नुसती शिस्त नव्हे. मोकळं, म्हणजे अजून कशाशी प्रक्रिया न झालेलं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८, एवढं असलं की पाणी ठीक. ते मोजायची छोटी डबी असते, दोन नळ्यांची. दोन्हींत टँकचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, एक नळी पिवळी होते, दुसरी लालसर, आणि शेजारच्या रंगांच्या पट्टीशी ताडून बघायचं. चांगल्या टँकवर हे रोज करतात आणि फळ्यावर आकडे लिहितात. फळ्यावर गेल्या महिन्याची तारीख असेल तर काय समजायचं ते समजा.

खोली डोळ्यांनी मोजू नका

आमच्या बॅचमधल्या एक काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "एवढुसं तर आहे, तळ दिसतोय की." तळ दिसतो म्हणूनच फसायला होतं. पाण्यात प्रकाश वाकतो आणि तळ वर उचलल्यासारखा दिसतो. काठावरून सरळ खाली पाहिलं तर खोली खऱ्या खोलीच्या पाऊणपटच वाटते. ६ फूट पाणी साडेचार फुटांचं दिसतं, तिरकं पाहिलं तर आणखी कमी. आपली गोदावरी गढूळ, म्हणून तिला माणूस बिचकतो. रामकुंडाच्या पायरीवर शेवाळ असतं म्हणून पाऊल जपून टाकतो. टँकमधल्या निळ्या फरशीवर बिचकणं होत नाही.

काठावर रंगवलेले खोलीचे आकडे वाचा. मीटरमध्ये असतील तर एक मीटर म्हणजे साधारण सव्वातीन फूट. आणि आपला आकडा ठरवून ठेवा: पाणी छातीच्या वर जाईल त्या खुणेच्या अलीकडेच थांबायचं. हनुवटीपर्यंत चालेल, गळ्यापर्यंत चालेल, असं करू नका. गळ्याएवढ्या पाण्यात शरीराचं वजन जवळपास उरतच नाही, त्यामुळे पायाला फरशीची पकड मिळत नाही. त्यात बऱ्याच टँकचा तळ उथळ बाजूकडून खोल बाजूकडे उतरत जातो. तुम्ही मागे फिरायला बघता, पाऊल सरकतं, आणि प्रत्येक धडपडीत चार बोटं आणखी खाली. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. माझं हेच झालं होतं, तिसऱ्या दिवशी. काठाची पट्टी सोडून वळले आणि पायाखाली उतार होता. सरांनी मागून दंड धरला म्हणून निभावलं. ते एवढंच म्हणाले, "ताई, उथळाकडे तोंड करून शिका, खोलाकडे पाठ." तेव्हापासून मी नव्या बायकांना पहिलं हेच सांगते.

पाण्यात उतरल्यावर

पहिला आठवडा पोहायचं नाही, फक्त तीन गोष्टी पक्क्या करायच्या. पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडणं. पट्टी धरून पाय मारणं. आणि उताणं तरंगणं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कंटाळवाणी, म्हणून सगळे तीच टाळतात. दमलात, घाबरलात, पोटरीत गोळा आला, तर उताणं व्हा, कान पाण्यात जाऊ द्या, हनुवटी वर. कान बाहेर ठेवायचा प्रयत्न केला की कंबर खाली जाते आणि सगळंच बुडतं. उताणं तरंगून दोन मिनिटं श्वास घेता येणारा माणूस फ्रीस्टाइलच्या चार लांब्या मारून धापा टाकणाऱ्यापेक्षा जास्त सुरक्षित आहे, असं माझं ठाम मत आहे.

सूर. डोक्याकडून उडी मारायची तर पाणी किमान ९ फूट खोल हवं, आणि ती शिकवल्याशिवाय मारायचीच नाही. चार-पाच फुटांत सूर मारला की डोकं फरशीवर आपटतं, मागून सगळ्या शरीराचं वजन येतं आणि मान मोडते. जीव वाचला तरी हातपाय कायमचे जाऊ शकतात. गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) गांधी तलावात मुटके, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन उड्या, मारत मोठी झालेली मुलं टँकवर आल्यावर हमखास हीच चूक करतात, कारण भीती त्यांची केव्हाच मेलेली असते. मुटका मारताना डोकं वाचतं, पण खाली कोण आहे ते बघितलेलं नसतं.

श्वास कोण जास्त वेळ रोखतो, ही पैज. मोठी मुलं आणि चांगले पोहणारेही यात जातात, म्हणून थोडं समजून घ्या. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. पैजेआधी पाच-सात खोल श्वास भराभर घेतले की तो कार्बन डायऑक्साइड निघून जातो, प्राणवायू मात्र फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली धोक्याची घंटा वाजायच्या आत मेंदूचा प्राणवायू संपतो आणि माणूस शांतपणे बेशुद्ध होतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय दम आहे! घरात ही पैज सरळ बंद करा.

तळाच्या जाळीपाशी मुलांना खेळू देऊ नका. पंप चालू असताना तिथे ओढ असते. जाळी तुटकी किंवा ढिली असेल तर केस, कपड्याचं टोक, हात-पायसुद्धा अडकतो, आणि मोठ्या माणसालाही ओढून सुटत नाही. अमेरिकेत यावर २००७ साली खास कायदा झाला, अडकणार नाही अशाच जाळ्या बसवायचा. आपण निदान लांब केस टोपीत घालूया आणि तुटकी जाळी दिसली की बाहेर येऊया. पंपाचं बटण कुठे आहे, हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. अडकलेल्याला सोडवायचं तर आधी पंप बंद करावा लागतो.

फिट येण्याचा त्रास असेल, हृदयाचं काही असेल, कानातून पू येत असेल, तर फॉर्मवर लपवू नका आणि सरांना तोंडी सांगा. फिट येणाऱ्याने एकट्याने कधीच उतरू नये. दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्यांना मी काय सांगणार, ते हा लेख वाचणार नाहीत. त्यांच्या बायकांनी वाचावा.

मुलं असतील तर

"सगळे आहेत ना, बघतायत" म्हणजे कुणीच बघत नाही. आमच्या चौदा जणांत हेच झालं. आता आमच्याकडे पाळी असते. एक शिट्टी आहे, लाल दोरीची. ती ज्याच्या गळ्यात, त्याने फोन दुसऱ्याकडे द्यायचा, गप्पा मारायच्या नाहीत, पाणी सोडून कुठे बघायचं नाही. पंधरा मिनिटांनी शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात. चहा आणायला जायचं तरी आधी शिट्टी द्यायची, मग उठायचं. पहिल्यांदा सगळे हसले होते. दुसऱ्या वेळी भाऊजींनी स्वतःहून मागून घेतली.

पोहता न येणारं मूल पाण्यात असेल तर मोठं माणूस पाण्यातच, हाताच्या अंतरावर. काठावर नाही. हातात घालायचे फुगे, बेडूक, बदक, ट्यूब ही सगळी खेळणी आहेत; हवा जाते, मूल उलटं होतं, खालून निसटतं. बांधायचंच तर मापाचं लाइफ जॅकेट, पायांमधून पट्टा असलेलं.

फार्महाऊस आणि सोसायटी

इथे जीवरक्षक बहुधा नसतो, आणि संध्याकाळ झाली की दिवे लागतात. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे असायला हवेत, आणि पंप-दिव्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, हवा. केअरटेकरला विचारा, त्याला माहीत नसेल तर दिवे लागल्यावर पाण्यात जाऊ नका. डीजेची वायर, एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जिंगला लावलेला मोबाईल हे सगळं काठापासून लांब. पाण्यात झिणझिण्या आल्या तर दिव्यापासून दूर व्हा आणि लोखंडी शिडीला हात न लावता बाहेर या. कुणी आत आखडलेला दिसला तर उडी मारू नका, आधी मेन स्विच.

पंपाच्या खोलीकडे मुलांना फिरकू देऊ नका. क्लोरीनची पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पावडर नेहमी पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही, आणि एकाच डबड्याने दोन रसायनं काढायची नाहीत. वायू सुटल्याचं कळलं, घसा आवळला, डोळ्यांतून धारा लागल्या, तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने आणि उंचावर जा. तो हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत आणि टँकच्या खोलगट भागात बसतो. खाली वाकून लपणं किंवा पाण्यात बुडी मारणं, दोन्ही चूक.

कुणी बुडताना दिसलं तर

उडी मारायचा मोह आवरा. बुडणारा हाताला लागेल त्याला धरून वर चढतो, आणि मग दोघे जातात. आमचे मामा अपवाद; पोर लहान होतं आणि मामा जुने पोहणारे. तुम्ही काठावर पालथे पडा आणि बांबू, टॉवेल, ओढणी, जे असेल ते पुढे करा. पुरत नसेल तर तरंगणारं काहीतरी फेका. प्रत्येक कार्यक्रमात प्यायच्या पाण्याचे २० लिटरचे जार असतात; रिकामा जार, झाकण घट्ट लावून, मोठ्या माणसालाही तोलून धरतो. मामांच्या पाठीवरच्या डब्याचं हे आजचं रूप. फेकताना ओरडत राहा: "जार धर! पाय मार!"

बाहेर काढल्यावर एकाने १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्याने माणसाला सपाट, कडक जमिनीवर उताणं झोपवायचं. सूर मारून पडलेला असेल तर मान वळवू नका, डोकं-मान-पाठ एका रेषेत धरून हलवा. हाक मारून, खांदे हलवून बघा, छाती हलते का बघा. १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ त्यात घालवू नका.

श्वास नाही? बुडालेल्याला आधी हवा हवी असते. डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून तोंडाने ५ श्वास द्या. छाती उचलली गेली पाहिजे. मग छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मुलाला छातीच्या साधारण एक तृतीयांश. मग २ श्वास, पुन्हा ३० दाब. माणूस श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा अॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड पुसा आणि पुन्हा सुरू. श्वास चालू पण शुद्ध नसेल तर कुशीवर ठेवा.

जमलेल्या गर्दीत कुणीतरी पोट दाबायला सांगेल, कुणी उलटं टांगायला, कुणी मडक्यावर पालथं घालून फिरवायला, आणि हल्ली व्हॉट्सअॅपमुळे कुणी मिठात झोपवायलाही. यातलं काही करू नका. पोट दाबल्याने पोटातलं पाणी आणि अन्न वर येऊन फुप्फुसात जातं, आणि मिनिटं वाया जातात ती वेगळीच.

ज्याने पाणी गिळलं, गुदमरला, पण शुद्धीत आला, त्यालाही डॉक्टरांना दाखवा. पुढचे ६ ते ८ तास लक्ष ठेवा: सतत खोकला, जोरात चालणारा श्वास, ओठ काळपट, अवेळी पेंग. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका. आमच्या पोराला आम्ही त्याच संध्याकाळी दाखवलं होतं. डॉक्टरांनी रात्री अकरापर्यंत ठेवून घेतलं आणि मग घरी सोडलं.

निघताना मुलं मोजा. नावं घेऊन मोजा, डोकी मोजू नका. पळणारं पोर दोनदा मोजलं जातं. फाटक असेल तर कडी लावा. आणि पाण्यातले चेंडू, बदकं, ट्यूब, सगळं बाहेर काढून काठापासून लांब, मुलांना दिसेल अशा जागी ठेवा. हे जेवायला बसण्याआधी करायचं.